बाबांचा शंखोबा

नवे कपडे शिवणाऱ्यांचा तोरा काही वेगळाच असतो. ताईचं काम त्याच्या अगदी उलटं. दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं आणि लोकांची सुटलेली पोटं त्यात मावतील असं करून द्यायचं. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, ट्रायल रूमच्या शेजारी तिचं मशीन होतं. माणसं आरशासमोर पोट आत ओढून उभी राहायची. ताई कमरेला टाचणी लावता लावता म्हणायची, "आता श्वास सोडा, म्हणजे खरं माप कळेल." दिवसभरात तिचं बोलणं काय ते एवढंच. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या एका खोलीत शिरली की तेवढंही नाही. एकटेपणाची सवय होते, असं म्हणणाऱ्यांचा तिला मनापासून राग यायचा.

अशात तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा, फोन आला. कामासाठी तो तिच्या शहरात येणार होता.

"माझ्याकडेच उतर ना."

"छे गं, हॉटेल बुक झालंय. उद्या संध्याकाळी येऊन जाईन तासभर."

हे त्याचं नेहमीचंच. सगळ्या आयुष्यात तो तिच्याकडे एकदाही मुक्कामाला राहिला नव्हता. बाबा गेले तेव्हासुद्धा पठ्ठ्या हॉटेलातच उतरला होता. दूरच्या शाळेत शिकला, मोठा साहेब झाला, त्याला आपली खोली कुठली आवडायला, असं ताईने मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाकडे येताना ती शेजारच्या पुस्तकांच्या दुकानासमोर खिळून उभी राहिली. काचेआड शंखोबा बसला होता. तोच निळा मफलर, पाठीवरच्या शंखाला तेच इवलंसं दार, दाराला पितळी मूठ. पुस्तक इंग्रजी, नव्याने छापलेलं, पण गोगलगाय तीच!

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. कुणीतरी बसमध्ये विसरलेलं हे पुस्तक बरेच दिवस डेपोत पडून राहिलं आणि शेवटी त्यांच्याबरोबर घरी आलं. बाबांचं इंग्रजी नंबरप्लेटपुरतं. पण म्हणून त्यांचं अडलं नाही. त्यांनी गोगलगायीचं नाव शंखोबा ठेवलं आणि चित्रं बघून गोष्ट सांगायला घेतली. दारावर कुणी टकटक केलं की शंखोबा म्हणायचा, "थांबा हं, एक खोली वाढवतो!" मग गाल फुगवून असा जोर लावायचा, की शंखाला आणखी एक वेढा पडायचा. बाबाही गाल फुगवायचे आणि ताईच्या तळहातावर बोटाने वेढा काढायचे. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते, पण त्या गुदगुल्यांनी ती खदखदून हसायची. तिच्या आठवणीत बाबा मध्ये, त्यांच्या एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला दादा.

जेवणाच्या सुट्टीत तिने पुस्तक विकत घेतलं आणि मशीनवरच उघडलं. मोठेपणी क्लास लावून ती इंग्रजी शिकली होती, त्यामुळे अडखळत का होईना, वाचता आलं. आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तकातली गोगलगाय येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "माफ करा, हे घर माझ्याच मापाचं आहे." बेडूक परत गेला. भिजलेली चिमणी परत गेली. शेवटच्या पानावर गोगलगाय दार लावून एकटीच सूप पीत होती, आणि लिहिणाऱ्याला त्याचं केवढं कौतुक!

"हा मेला कोण?" ताई मोठ्याने म्हणाली. ट्रायल रूममधलं गिऱ्हाईक दचकलं.

राग ओसरला तशी तिने पुस्तक मिटलं. जगात ज्यांनी म्हणून हे पुस्तक वाचलं असेल, त्यांना हा दार लावणाराच माहीत असणार. खोल्या वाढवणारा शंखोबा ठाऊक असलेली माणसं दोनच, ती आणि दादा. आणि दादा विसरला असेल तर? मग तो सगळा तिच्या एकटीच्या डोक्यात उरला. संध्याकाळपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

दादा आला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. ताईने चहाच्या आधी पुस्तकच पुढे ठेवलं.

"ओळख बघू."

त्याने पानं उलटली. तोंडावर आश्चर्याची रेघही नाही. "हेच ते. माफ करा, घर माझ्याच मापाचं आहे."

"तुला माहीत होतं?"

"ठमे, बाबांना मीच तर वाचून दाखवलं होतं. तू लहान होतीस. मावशी तुला न्यायला आली होती. एवढीशी खोली, बाबांना रात्रपाळी, दोन पोरं कशी सांभाळणार, म्हणाली. त्या संध्याकाळी बाबा मला म्हणाले, यात काय लिहिलंय ते सांग. मी सांगितलं. तर म्हणाले, नीट वाच. नीटच वाचलं होतं गं, वर्गात पहिला होतो मी! मग त्यांनी पुस्तक घेतलं आणि तुला भलतंच सांगायला लागले. खोल्या काय, वेढे काय."

"मग मावशी?"

"सकाळी मी म्हटलं, मी जातो. तू झोपेतसुद्धा बाबांची बाही सोडायची नाहीस. तुला कसं पाठवणार?"

"मला वाटायचं, तुला चांगली शाळा मिळाली म्हणून गेलास. जळायचे मी तुझ्यावर."

"शाळा बरी होती," दादा म्हणाला. मग पुस्तकाकडे बघतच म्हणाला, "तेव्हापासून एक खोड लागली बघ. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी बघतो, मी इथे मावेन का. हॉटेल बरं. तिथे आपण कुणाची जागा खात नाही."

म्हणजे त्या एका रात्रीनंतर बाबांच्या दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतंच. इतकी वर्षं तिने तिथे दादाला झोपवलं होतं, आणि तो परक्या घरात कुठेतरी अंग चोरून पडला होता. ताईला रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

"रडतेस काय, वेडे," दादा म्हणाला. "त्यापेक्षा पुढचं सांग. मी बेडकापर्यंतच ऐकलंय. बेडकाला खोली मिळाली आणि सकाळी मी गेलो. नंतर कोण आलं?"

ताईने डोळे पुसले. त्याचा हात ओढून घेतला, गाल फुगवले आणि त्या जून तळहातावर बोटाने वेढा काढला. चिमणी आली. तिला ओले पंख पसरायला मोठी खोली. मुंग्या आल्या, त्यांना लांबलचक खोली, कारण त्या रांग मोडायला तयार नव्हत्या. म्हातारा भुंगा आला, तो घोरायचा म्हणून त्याला टोकाची. दादा हसला. चहा ओट्यावर तसाच राहिला.

"झालं?"

"नाही. सगळे झोपले की शंखोबा आणखी एक खोली वाढवायचा. रिकामी. मी रोज विचारायचे, बाबा, ही कुणाची? ते म्हणायचे, आहे एकाची, येईल तो. आणि दिवा मालवायचे. मला वाटायचं, त्यांना पुढे काही सुचत नाही."

दादाने हात सोडवून घेतला नाही. मग नाक ओढून म्हणाला, "हॉटेलला फोन करायला हवा."