शार्कच्या सिनेमातून गाव का उठतं

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात माणसं खाणाऱ्या जनावरांच्या सिनेमाला बसायला जागा मिळत नाही. शार्कच्या सिनेमातून मात्र तेच लोक अर्ध्यावर उठून जातात.

हे सिनेमे रविवारी दुपारी मच्छीमार संस्थेच्या गोदामात दाखवले जातात. गोदाम तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे. जाळी आणि मासळीचे क्रेट एका भिंतीकडे सारले, की निम्मं गाव आत मावतं. प्रोजेक्टर भूपेशचा. भूपेश हा मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातला. आठवडाभर पहाटे वडिलांबरोबर तलावात जाळं टाकतो आणि रविवारी गावाला घाबरवतो. सिनेमे फोनवरही पाहता येतात, परंतु फोनवर मगर तळहाताएवढी दिसते आणि शेजारी ओरडायला कोणी नसतं. त्यामुळे अजगर, मगर, कोळी, रानडुक्कर, काहीही असलं तरी गोदाम भरतं. आमचं गाव या प्रकारच्या सिनेमांचं निष्ठावंत प्रेक्षक आहे. सरपणाला जाताना वाघाची चाहूल घेणारी माणसं रविवारी स्वखुशीनं आणखी एक जनावर पाहायला का येतात, हा वेगळा प्रश्न आहे.

अडचण सुरू झाली ती भूपेशनं नागपूरहून शार्कच्या सिनेमांच्या डीव्हीडींचा एक गठ्ठा आणला तेव्हा. सगळे कमी खर्चात काढलेले आणि हिंदीत आवाज भरलेले. पहिल्या रविवारी लोक उठले, दुसऱ्या रविवारी आणखी लवकर उठले. संस्थेच्या अध्यक्ष कुंताबाई यांना गोदामात बर्फाची मोठी पेटी बसवायची होतीच. त्यांनी सरळ सांगितलं, "भूपेश, लोक बसत असन तं तुहा पडदा राहू दे. रिकाम्या गोदामात शार्क पोसाले संस्था नाई काढली आपण. धान कापून झालं की बैठक हाये, तेव्हा ठरवून टाकू."

भूपेशकडे दुसरी जागा नव्हती. समाजमंदिरात सिनेमा चालत नाही, आणि उघड्यावर दुपारी पडद्यावर काही दिसत नाही. गोदाम गेलं की रविवार गेला, हे त्याला ठाऊक होतं.

मी सावलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तो घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "माधवीताई, तुमी तं जनावराच्या मास्तरीन. एकडाव पाहून सांगा, माही शार्क काऊन पडून राह्यली?"

मी गेले. माझा पहिला तर्क माझ्या विषयाला साजेसा होता: चुकीचं प्राणिशास्त्र लोकांना खटकत असावं. चुका भरपूर होत्या. शार्क वाघासारखी गर्जना करत होती. एका दृश्यात ती शेपटीच्या दिशेनं मागं पोहली. शार्कला हे जमत नाही. गोदामात या दोन्ही प्रसंगी कोणीही हललं नाही. शिवाय आधीच्या महिन्यातल्या अजगराच्या सिनेमात अजगर पापण्या मिटून झोपला होता, आणि सापाला पापण्या नसतात हे इथं लहान मुलालाही माहीत आहे. तरी तो सिनेमा शेवटपर्यंत भरलेला होता. माझ्या विषयाचा लोकांच्या निराशेशी काही संबंध नाही, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं.

भूपेशचा तर्क असा होता की शार्क खोटी दिसते. ती खोटी दिसत होती यात शंका नाही. पाण्यातून वर येताना तिच्या अंगावर पाणी नसे. हा तर्क तपासण्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही गठ्ठ्याबाहेरचा, मगरीचा एक जुना सिनेमा लावला. त्यातली मगर शार्कहून वाईट होती. शेवटच्या ओळीत बसलेल्या केवळरामभाऊंना बाहेर पडताना भूपेशनं विचारलं, "भाऊ, मगर कशी वाटली?"

"तिच्या पोटाखाली चाक दिसून राह्यलं होतं."

"मंग उठून काऊन नाई गेले?"

"उठाचं काऊन? सिनेमा तं चालू होता."

यातून काही निष्पन्न झालं नाही, एवढंच की चाकाची मगर चालते.

तिसरा तर्क कुंताबाईंचा. "समुद्र पाह्यला कोणी इथी? आपल्याले तलावातली मासोळी कळते. खाऱ्या पाण्याचं भेव वाटत नाई आपल्याले." हा तर्क मला पटण्यासारखा वाटला. तो पडताळायला आम्ही समुद्रातल्या एका प्रचंड आठ पायांच्या प्राण्याचा सिनेमा लावला. सगळी कथा जहाजावर घडत होती, किनारा एकदाही दिसला नाही. लोक शेवटपर्यंत बसले. तीनही तर्क निकालात निघाले, आणि धान कापणी निम्म्यावर आली होती.

मग मी पद्धत बदलली. पुढचा शार्कचा सिनेमा मी पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून पाहिला. भूपेशनं मला त्यासाठी एक क्रेट उलटा करून दिला. पुढच्या ओळीतल्या नीलाबाई म्हणाल्या, "ताई, सिनेमा तिकडे हाये." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. पोरींमध्ये बराच वेळ खसखस पिकत राहिली.

एक गोष्ट लगेच दिसली. शार्क पडद्यावर असताना कोणी उठत नव्हतं. उलट तेव्हा सगळे माना पुढे करून होते. उठणं सुरू होई ते नंतर, पडद्यावर काहीच घडत नसताना. शार्कनं कोणाला तरी ओढून नेलेलं असे, आणि बाकीचे गाणी लावून किनाऱ्यावर बसलेले असत. त्या वेळी माणसं आधी पडद्याकडे, मग एकमेकांकडे पाहत. कोणी तरी काही तरी करील अशी वाट पाहिल्यासारखं. काही वेळानं नीलाबाईंनी चपला ओढल्या, त्यांच्या मागून पोरींमधली रिंकू उठली, आणि मग ओळच्या ओळ. मी हे पाहिलं, लक्षात ठेवलं, पण अर्थ लागला नाही. कंटाळा असं त्याला नाव देता आलं असतं. परंतु कंटाळलेली माणसं जांभया देतात, आणि या चेहऱ्यांवर नाराजी होती.

बैठकीच्या आधी दोनच रविवार उरले. त्यातल्या पहिल्या रविवारी भूपेशनं गठ्ठ्यातला पुढचा सिनेमा लावला. एक तरुण पोहायला गेला, ओढला गेला, पाणी लाल झालं. मित्रांनी त्याला हाक मारली नाही. ते नाचू लागले. त्याच वेळी गोदामाच्या दारात विक्की उभा राहिला. विक्की आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला, सावलीला गाड्या दुरुस्त करतो.

"माही माय सरपणाले गेली सकाळी," तो म्हणाला. "अजून आली नाई."

भूपेशनं प्रोजेक्टर बंद केला. कोणी प्रश्न विचारला नाही. ज्या माणसांना उठायला अर्धा तास लागत असे ती एका दमात उभी राहिली. केवळरामभाऊंनी क्रेटच्या मागचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, बाकीच्यांनी काठ्या घेतल्या. कुंताबाईंनी वनरक्षकाला फोन लावला. आमच्याकडे रीत अशी आहे, की जंगलात गेलेलं माणूस वेळेवर परतलं नाही तर सगळं गाव निघतं. मोहल्ला कोणता, भांडण कोणाशी, हे त्या दिवसापुरतं नसतं. ते माणूस सापडेपर्यंत गावात कोणाची चूल पेटत नाही. आणि सापडेपर्यंत म्हणजे कोणत्याही स्थितीत सापडेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी एकदा आम्ही झाडाखालून फक्त एक लुगडं आणि विळा घेऊन परतलो होतो. तेव्हाही कोणी अर्ध्यातून फिरलं नव्हतं.

आम्ही हात-हातभर अंतरानं ओळ धरली आणि डबा वाजवत टेकडीच्या अंगानं निघालो. नावाचा पुकारा चालू होता. पाऊलवाटेवरच्या ओलसर मातीत वाघाचा पंजा उमटलेला होता, ताजा. विक्कीनं तो पाहिला. भूपेश त्याच्या अगदी जवळून चालू लागला.

विक्कीची माय अंजनाबाई जंगलाच्या कडेला, बांधावरच्या शेतमचाणावर बसलेल्या सापडल्या. सरपणाची मोळी त्यांनी वर ओढून घेतली होती.

"माय!" विक्की ओरडला. "आवाज काऊन नाई देल्ला?"

"आवाज देऊन कोणाले बोलावू, वाघाले?" अंजनाबाई वरूनच म्हणाल्या. "पंजा दिसला, वर चढली. तुमी येसानच, हे मालूम होतं. एवढा उशीर काऊन लावला ते सांगा."

"सिनेमा पाहून राह्यलो होतो," केवळरामभाऊ म्हणाले.

"बुढी वाघाच्या तोंडाशी आन् हे सिनेमात! आन् मोळी धरा कोणी तरी, मले काय पाहता?"

"जीवावर आलं तं मोळी तरी टाकून द्याची होती, अंजनाबाई," केवळरामभाऊ म्हणाले.

"टाकू काऊन? वाघाले सरपण लागते का?"

ऊन कलायच्या आत आम्ही परत निघालो. भीती उतरली की माणसं फार बोलतात. तसं सगळे बोलत होते. नीलाबाई म्हणाल्या, "सिनेमा राह्यला आपला अर्धा."

"त्यात काय राह्यलं?" रिंकू म्हणाली. "तो पोट्टा मेला आन् संगचे नाचून राह्यले. त्याले पाहाले कोणी गेलंच नाई."

"मेला हे तरी त्याईले कुठी मालूम होतं?" केवळरामभाऊ म्हणाले. "इचारलंच नाई कोणी, कुठी गेला म्हून."

तेवढ्यावर बोलणं दुसरीकडे वळलं. मी मात्र तिथंच अडकले. लोकांच्या चेहऱ्यावरची ती वाट पाहण्याची मुद्रा कशाची होती, याचा एक नवा तर्क आता करता येत होता. तर्क म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्या आठवड्यात संध्याकाळी भूपेश आणि मी त्याच्याकडचे सिनेमे भरभर पुढे सरकवत तपासले. पाहायचं एकच होतं: पहिलं माणूस नाहीसं झाल्यावर कोणी शोधायला निघतं की नाही.

चाकाच्या मगरीत अख्खं गाव नदीकाठानं निघालं होतं. अजगराच्या सिनेमात बाप मुलीची चप्पल हातात घेऊन शेवटपर्यंत फिरत होता. जहाजावरच्या सिनेमात हरवलेल्या पाणबुड्यासाठी कप्तान जहाज पुढं न्यायला नकार देत होता. आणि शार्कच्या गठ्ठ्यात, लोक ज्यांतून उठले त्या एकाही सिनेमात कोणी कोणाला शोधलं नव्हतं. नाहीसं झालेल्या माणसाचं नाव पुढं उच्चारलंही जात नसे.

परंतु एवढ्यानं शार्क निर्दोष ठरत नव्हती. शोध असलेला शार्कचा सिनेमा हवा होता. गठ्ठ्याच्या तळाशी तसा एक निघाला; रंग उडालेला, त्यातली शार्क सर्वांत केविलवाणी, नाकाशी भेगाळलेली. पण पहिला मच्छीमार परतला नाही तेव्हा बंदरातल्या साऱ्या होड्या पाण्यात उतरत होत्या.

"ताई, याच्यात शार्क दिसतेच कमी," भूपेश म्हणाला. "आन् दिसते ते भंगार. बैठकीच्या आधीचा रविवार हाये. हे लावलं आन् लोक उठले तं माहं गोदाम गेलं."

"तर्क खोटा असेल तर गोदाम जाईल," मी म्हटलं. याहून दिलासा देणारं काही माझ्याजवळ नव्हतं.

त्यानं तो सिनेमा गठ्ठ्यातून वेगळा काढून ठेवला. मग म्हणाला, "लावतो."

त्या रविवारी कुंताबाई दाराशी उभ्या राहिल्या, मोजायलाच आल्यासारख्या. मी पुन्हा पडद्याकडे पाठ करून बसले. शार्क आली तेव्हा मागच्या ओळीतून कोणी तरी मोठ्यानं म्हणालं, "अबे, हे तं फाटली!" आणि सारं गोदाम हसलं. मग होड्या निघाल्या. हसू थांबलं. अंजनाबाई पुटपुटल्या, "डावीकडे पाहा ना, डावीकडे." चपला कोणी ओढल्या नाहीत. शेवटी नीलाबाईंनी डोळे पुसले आणि दिवा लागायच्या आत पदर सावरला. कुंताबाई केव्हा तरी आत येऊन क्रेटवर बसल्या होत्या.

बाहेर पडताना त्या भूपेशला म्हणाल्या, "पेटी तिकडच्या कोपऱ्यात बसते. मोजून घेतलं मी." बैठकीत हा विषय निघाला नाही. उरलेला गठ्ठा भूपेशनं नागपूरला परत पाठवला.

कारण असं आहे. खोटी शार्क, चुकीचं शास्त्र किंवा अनोळखी समुद्र यांपैकी कशानंही हे प्रेक्षक निराश होत नाहीत. संगणकावर शार्क एक माणूस थोड्या खर्चात करू शकतो. पण हरवलेल्याला शोधायला निघणारी गर्दी, तिच्या होड्या, तिचं दोन दिवसांचं जेवण, हे थोड्या खर्चात होत नाही. म्हणून कमी खर्चाच्या सिनेमात शार्क ठेवतात आणि शोध कापतात. शोध कापला की मेलेल्या माणसाची कोणाला गरज होती हे कळत नाही, आणि मग शार्कनं नेमकं काय नेलं हेही कळत नाही. आमच्या गावातले लोक तिथंच उठतात.