चौथा प्रश्न

सरकारी उत्तर कसं लिहावं, हे त्या इमारतीत तिच्याइतकं कुणालाच जमत नसे. बावीस वर्षं एकाच खात्यात, एकाच खिडकीशी बसून ती आमदारांच्या प्रश्नांना मंत्र्यांची उत्तरं तयार करत आली होती. मंत्री आले नि गेले, बाई तिथेच. सगळं ऑफिस तिला उत्तरबाई म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही.

कामाची रीत ठरलेली. प्रश्न आला की ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याचकडे तो अहवालासाठी धाडायचा. त्याने कळवायचं की असं काही घडत नाही. मग बाईंनी ते स्वच्छ सरकारी भाषेत उतरवायचं, 'हे खरे नाही'. म्हणजे चोरालाच विचारायचं, काय रे बाबा, चोरी केलीस का? तो नाही म्हणाला की फाइल बंद! बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. बाईंना बावीस वर्षांत कधी आलं नव्हतं.

त्या शुक्रवारीही सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. मंगळवारच्या प्रश्नोत्तराच्या तासासाठी त्यांच्या खात्याचे दोन प्रश्न लागले होते, तिसरा आणि चौथा. तिसरा परदेशी मदतीचा. दूरच्या एका देशात पूर आला होता, तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खात्याने सहाशे खाटा पाठवल्या होत्या. दोन्ही बाजूंना कठडे असलेल्या, चांगल्या भक्कम. चौथा प्रश्न एका विरोधी सदस्येचा होता. राजकारणात येण्याआधी तिचा दवाखाना होता, म्हणून सभागृहात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. तिने विचारलं होतं, 'शासकीय वृद्धनिवासात दुपारी बारा ते चार या वेळेत वृद्धांना कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधून ठेवण्यात येते, हे खरे आहे काय? असल्यास कोणती कारवाई केली?'

निवासाच्या अधीक्षकाचा अहवाल एका शब्दाचा होता. निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

निवासाचं नाव वाचून बाईंचा पेन जरा अडखळला. कारण तिचे वडील तिथेच होते, दोन वर्षांपासून. खुब्याचं हाड मोडलं, घर दोन खोल्यांचं, नवराबायको दोघं दिवसभर बाहेर. 'तिथे चोवीस तास माणूस असतं,' असं तिने नातेवाइकांना सांगितलं होतं आणि स्वतःलाही तेच सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी दहा ते साडेअकरा ती भेटायला जायची. बाबा नीट दाढी केलेले, इस्त्रीच्या शर्टात बसलेले दिसायचे. मग बांधतात कसले? विरोधकांना काय, काहीतरी विषय हवाच असतो. तिने 'हे खरे नाही, त्यामुळे कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही' असं लिहिलं आणि फाइल वर पाठवून दिली.

रविवारी मात्र तिने एक गोष्ट पाहिली. घामाच्या धारा लागाव्यात असा उकाडा होता, पंखा नुसता कण्हत होता, आणि बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मनगटाशी बटणं लावून बसले होते.

"बाबा, अहो बाह्या तरी दुमडा."

"राहू दे गं. मला गार वाटतं."

बाबा बाइंडर होते. उभा जन्म पुस्तकं शिवण्यात गेलेला, खळीने बाह्या खराब होतात म्हणून माणूस थंडीतही कोपरापर्यंत दुमडून असायचा. तिने हसत हसतच त्यांचा हात ओढला आणि बटण काढलं. मनगटाभोवती चार बोटं रुंदीचा काळानिळा पट्टा होता. दुसऱ्या हातालाही तसाच. एका जागी कातडी सोलवटून ओली झाली होती.

तिने मान वर करून बाबांकडे पाहिलं.

"घड्याळाचा पट्टा घट्ट बसतो," बाबा म्हणाले.

"दोन्ही हातांना? बाबा, घड्याळ तर तुम्ही घालतच नाही!"

बाबांनी आधी दाराकडे पाहिलं. शेजारच्या खाटांवरचे दोघं म्हातारे भिंतीकडे तोंड करून पडले होते, ऐकतही होते. "हळू बोल," बाबा पुटपुटले. "बारा वाजता दुपारची आवर करतात. चारला सोडतात. तोवर पडून राहायचं, त्यात काय एवढं. लघवी आधी उरकून घ्यायची, बस."

आवर! घर आवरावं, भांडी आवरावीत, तशी माणसं आवरत होते. बाई तडक उठून बाहेर आल्या. व्हरांड्यात निवासाच्या मावशी जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडत बसल्या होत्या. त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"बोला मला काय बोलायचं ते," मावशी म्हणाल्या. "पण आधी हे ऐका. एक्केचाळीस माणसं आणि दुपारी मी एकटी. खाटांना कठडा नाही. गेल्या वर्षी एक आजी उठायला गेल्या नि पडल्या, तर माझ्या जोडीदारणीला काढून टाकलं. तिच्या जागी कुणी दिलं का? नाही. अधीक्षक म्हणाले, पडता कामा नये, कसं ते तुम्ही बघा. मग मी असं बघते. देवाशप्पथ सांगते, मलाही झोप लागत नाही."

"तुम्ही तक्रार का नाही केली?"

"पलीकडच्या खोलीतल्या एका आजोबांनी केली होती. त्यांना खालच्या खोलीत हलवलं. तिथे खिडकी नाही, भेटीला येणाऱ्यांना सोडत नाहीत." मावशींनी पट्टी टरकन फाडली. "पुढचं विचारू नका बाई."

ती परत बाबांजवळ आली. बाबांनी तोवर बटणं लावून घेतली होती. "तू काही लिहायला जाऊ नकोस हां," ते म्हणाले. "माझं नाव पुढे आलं की हे मला इथे ठेवणार नाहीत. मग मी कुठे जाऊ? तुझ्याकडे?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. आणि ती लेक, बावीस वर्षं प्रत्येक प्रश्नाला उत्तर काढणारी, खाली मान घालून चादरीची सुरकुती सारखी करत बसली. त्या क्षणी तिने नुसतं 'हो, चला' म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण घरच्या दोन खोल्या, नवऱ्याचा चेहरा, रजेचा अर्ज, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "अधिवेशन संपू दे बाबा, बघते काहीतरी," असं म्हणून ती साडेअकराला बाहेर पडली.

सोमवारी सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब म्हणजे खात्याचे उपसचिव, आवाज कधीही न चढवणारे गृहस्थ.

"साहेब, चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदलावं लागेल. ते खरं आहे. मी काल डोळ्यांनी पाहिलं."

"अहवाल तर निरंक आहे."

"माझे वडील आहेत तिथे. त्यांच्या हातांवर वळ आहेत साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वडील? अरेरे. आधी नाही बोललात कधी. कोणती खोली?"

तिला बरं वाटलं. माणूस आहे, आपुलकीने विचारतोय. तिने खोली सांगितली, खाटेचा नंबरही सांगितला.

"हे पाहा बाई," साहेब म्हणाले, "तुमचे वडील आहेत म्हटल्यावर लोक म्हणतील, हिचा यात स्वार्थ आहे. शिवाय चौथा प्रश्न पुकारला जाणारच नाही, अशी तुम्हीच व्यवस्था करायची आहे. तिसरा लांबवा. परदेशी मदतीवर मंत्र्यांना भरपूर बोलायला द्या. बारा वाजले की तास संपला, उरलेली उत्तरं न वाचताच पटलावर ठेवल्यासारखी. अधिवेशन उरकलं की तुमच्या वडिलांची मी स्वतः सोय लावतो. शब्द देतो."

ती नाही म्हणू शकत होती. नाही म्हणाली नाही. संध्याकाळपर्यंत तिने कठड्याच्या सहाशे खाटांवर अकरा पानं लिहिली. कोणत्या लाकडाच्या, कोणत्या जहाजाने, तिथल्या म्हाताऱ्यांनी कसे आभार मानले. उठताना दिसलं की साहेब दार लोटून फोनवर बोलत आहेत. तिने त्याचा काही विचार केला नाही.

मंगळवारी सभागृहात अधिकाऱ्यांच्या कक्षात ती साहेबांशेजारी बसली. मंत्र्यांना एखादी माहिती कमी पडली की इथून चिठ्ठी जाते, त्यासाठी तिच्या मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. मंत्री रंगात आले होते. एका दूरच्या आजोबांनी खाटेला हात लावून डोळे पुसले, हे वाचताना त्यांचा स्वतःचा गळा भरून आला. सदस्यांनी बाकं वाजवली. डॉक्टरीणबाई दोनदा उठून म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, चौथा प्रश्न घ्या!" कुणी लक्ष दिलं नाही. बाराला चार मिनिटं उरली.

तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा उभ्या राहिल्या. "ठीक आहे, मी तिसऱ्यावरच विचारते. परक्या म्हाताऱ्यांना सहाशे कठड्याच्या खाटा दिल्यात, छान केलंत. आपल्या निवासात अशा किती आहेत, तेवढा आकडा सांगा."

मंत्र्यांनी मान वळवून कक्षाकडे पाहिलं. साहेब कानाशी कुजबुजले, "लिहा, माहिती घेण्यात येत आहे."

बारा वाजत आले होते. आता मावशी पट्ट्या घेऊन पहिल्या खाटेपाशी उभ्या असतील. बाईंनी चिठ्ठी लिहिली. 'एकही नाही. म्हणूनच म्हाताऱ्यांना बांधतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे, ते मी लिहिलं आहे.' खाली स्वतःची सही केली आणि साहेबांनी हात पुढे करायच्या आत ती चपराशाच्या हाती दिली.

मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "माहिती घेण्यात येत आहे." घंटा झाली. तास संपला.

"काय करून बसलात हे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. पण ती उठलीसुद्धा. तिने सभागृहाच्या दाराबाहेरच डॉक्टरीणबाईंना गाठलं. "मी त्या खात्यातली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता, या घटकेला बघायला मिळेल. येता?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि काही न विचारता गाडी बोलावली.

निवासात पोचायला पाऊण वाजला. फाटकावरच्या माणसाने आमदारबाईंना पाहून मुकाट्याने वाट दिली. वरच्या मोठ्या खोलीत सगळे आवरलेले पडले होते, उघड्या डोळ्यांनी, आणि कुणीच हाक मारली नाही. बाबांची खाट रिकामी होती. वर दुसरी चादर घातलेली.

"मावशी, बाबा कुठे?"

मावशींनी जिन्याकडे बोट केलं. "काल संध्याकाळी खाली नेलं. अधीक्षक म्हणाले, वरून फोन आलाय, या नंबरच्या म्हाताऱ्याला नजरेआड ठेवा. मला खाली जाऊ देत नाहीत हो बाई, किल्ली त्यांच्याकडे असते."

खोली सांगितली होती. खाटेचा नंबरही. तिने स्वतः, आपल्या तोंडाने.

डॉक्टरीणबाईंनी अधीक्षकाकडून किल्ली अक्षरशः हिसकावून घेतली. खालच्या खोलीत एकच खाट होती. बाबा अर्धे खाटेवर, अर्धे खाली लोंबत होते. हात दोन्हीकडे बांधलेले. उठू पाहताना ते एका अंगाला घसरले होते, आणि छातीवरची पट्टी सरकून गळ्यापर्यंत आली होती. एक कठडा असता तर.

डॉक्टरीणबाईंनी मानेशी बोटं धरली, मग डोळ्यांत पाहिलं. "बरेच तास झाले," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"अहो, आम्ही कळवणारच होतो," अधीक्षक दारातून म्हणाला. "वय झालं होतं. नैसर्गिकच म्हणायचं. मावशी, सोडा त्यांना, नीट निजवा, चादर घाला."

मावशी हुंदके देत पुढे झाल्या. लेकीचाही हात आपोआप गाठीकडे गेला. ती गाठ सोडावी, ते हात चोळावेत, बापाला सरळ निजवावं, एवढंच तिला हवं होतं. मग तिने आपलाच हात मागे ओढला. गाठ सुटली की काय लिहिलं जाईल, ते तिच्याइतकं त्या इमारतीत, त्या शहरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सोडू नका," ती म्हणाली.

"बाई, अहो बाप आहे तुमचा!"

"कुणीही हात लावायचा नाही. पोलीस येऊ देत. फोटो निघू देत. प्रत्येक गाठ लिहिली जाऊ दे." ती दारात जाऊन उभी राहिली, अधीक्षकाला आत येता येणार नाही अशी. "डॉक्टरीणबाई, फोन करा. आणि साक्षीदार म्हणून पहिलं नाव माझं घाला."

पोलिसांना यायला तास लागला. तो अख्खा तास ती बापाशेजारी जमिनीवर बसून होती, दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून. वरच्या खोलीत मावशी एकेका खाटेपाशी जाऊन पट्ट्या सोडत होत्या, आणि चार वाजायच्या आत सुटलेली माणसं चाचपडत उठून बसत होती.