आबांच्या गाडीचं नवं इंजिन

सकाळच्या चाचणी-फेरीत पाण्याच्या टाकीखालच्या वळणावर दादाच्या हातातलं स्टिअरिंग अडकलं.

अडकलं म्हणजे किती? डोळ्याचं पातं लवावं इतकंच. पेट्रोलवर पाय दाबलेला, गाडी डावीकडे वळायला निघालेली, आणि मधेच चाक हातात दगडासारखं झालं. दादाने पाय उचलला, त्याबरोबर ते मोकळं झालं, जसं काही घडलंच नव्हतं. कठडा दाराला चाटून मागे गेला. पुढे सपाटीवर त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला. साठीला टेकलेला मिस्त्री, निम्मं आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून काढलेलं. काय झालं ते कळायला त्याला बॉनेट उघडायची गरज नव्हती. तरी उघडलं. माणूस आपली चूक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही.

पेट्रोल दाबलं की इंजिन स्वतःच्याच जोराने पिळतं, एका कुशीवर कलतं. उभ्या गाडीत इंजिन आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यात बोट जाईल एवढी फट होती. त्याने स्वतः बोट घालून पाहिलं होतं. पण चढावर, डाव्या वळणावर, जोरात असताना, ते धूड उजवीकडे कलून थेट दांड्यावर जाऊन बसत होतं. दांड्याला लावलेला काळा रंग एका जागी खरवडला होता आणि आतलं लोखंड चकाकत होतं. झोपलेल्या माणसाचं माप घेऊन सदरा शिवावा आणि तो उठून नाचायला लागला की काखेत फाटावा, तशी गत.

आणि कलेल नाही तर काय करेल? इंजिन बसलं होतं आबांच्या रबरांवर.

ही गाडी आबांची, म्हणजे दोघा भावांच्या वडिलांची. दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीच्या धाटणीची. भंगारात निघालेली गाडी आबांनी तुकडा तुकडा जमवून उभी केली होती. आबा गेले आणि दादाने तिच्यावर ताडपत्री टाकली. धाकट्याला ती चालवायची होती, घाटाच्या शर्यतीत उतरवायची होती. दादा म्हणाला, ही आठवण आहे, खेळणं नव्हे. शब्दाने शब्द वाढला. धाकटा पिशवी उचलून गेला तो गेलाच. बरीच वर्षं दोघांत बोलणं नाही. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, मधूनमधून फोन करून दोन्हीकडची खुशाली इकडची तिकडे केली, तेवढाच काय तो धागा.

मग या वर्षी एका दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. टेम्पोत एक मोठं इंजिन, दोरांनी आवळलेलं, आणि त्याच्यावर हात टाकून बसलेला धाकटा. केस पिकले होते. खाली उतरून म्हणाला, "दादा, हे तिच्यात बसव. तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही." देवाची दया कोणत्या रूपात दारात येईल, सांगता येत नाही. कधी ती तेलाने माखलेली आणि नुसत्या हातांनी न उचलता येणारी असते. दादाने ताडपत्री ओढून काढली. वहिनीने इंजिनाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अंगापेक्षा बोंगा मोठा." भाऊ हसले. एकत्र हसले, हे तिच्या लक्षात आलं आणि ती आत जाऊन डोळे पुसून आली.

काम मजेत चाललं. फक्त एका गोष्टीवर अडलं. इंजिन ज्यांच्यावर बसतं ती फाउंडेशनची रबरं जुनी होती. आबांनी जाड रबर आणून, स्वतः कातरून, भोकं पाडून बनवलेली. धाकटा म्हणाला, ही लहान इंजिनाची, मऊ पडलीत, कडक नवी घालू. दादाने ऐकलं नाही. नवी घातली तर इंजिन दोन बोटं वर येणार, मग बॉनेट कापावं लागणार, आणि आबांच्या हातचं बॉनेट कापायला तो जिवंतपणी तयार नव्हता. "आबांच्या हातचं आहे," एवढंच तो म्हणाला. धाकट्याने हात जोडले, "बरं बाबा, तू मिस्त्री." बॉनेट डबीच्या झाकणासारखं बंद झालं. दादा म्हणाला, आबांनीच सोय करून ठेवली.

भक्ती आंधळी झाली की असं होतं. वडिलांचे पाय धरावेत, पण त्यांच्या चपला घालून डोंगर चढू नये.

आता धाकट्याने नाव दिलेली घाटाची शर्यत उद्यावर आली होती. नवी रबरं तयार मिळणारी नव्हती, ओतून घ्यावी लागली असती. म्हणजे उद्याची शर्यत गेलीच. आणि त्याहून वाईट म्हणजे हे सांगायचं कोणी, तर ज्याने गाडी इतकी वर्षं ताडपत्रीखाली ठेवली त्यानेच. दादा रस्त्याच्या कडेला बसून देवाला म्हणाला, बाबा रे, गाडी बिघडव, इथेच बंद पाड, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. पण किल्ली फिरवल्याबरोबर इंजिन गुणी बाळासारखं सुरू झालं. देवाला आपलं काम करायला लावणं सोपं नसतं.

तो गॅरेजच्या दारात आला तेव्हा धाकटा पायऱ्यांवर उभाच होता, शाळेच्या निकालाला उभा राहावा तसा. पुढे येऊन त्याने दार उघडलं.

"कशी आहे?"

दादाच्या ओठांवर खरं आलं होतं. त्याने धाकट्याचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं.

"चांगली आहे," तो म्हणाला.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते यासाठीच. वाकवाल तशी वाकते, आणि नंतर सगळं अंग दुखतं. दादा हात धुवायला मागे गेला. साबण लावून लावून धुतले, पण बोटांवरचं काळं काही जाईना. त्याने मनाशी ठरवलं, जेवण झालं की सांगू. मग ठरवलं, संध्याकाळी सांगू. मग एक नवाच विचार डोकावला. शर्यतीआधी गुपचूप एखादा पट्टा मारून इंजिन बांधलं, तर कोणाला कळणारही नाही. त्याच वेळी त्याला हेही कळत होतं की पट्टा पहिल्याच चढावर तुटेल. पण बुडता माणूस काडीची जाडी मोजत नाही.

तेवढ्यात पुढून इंजिनाचा आवाज आला. मोठा, भरलेला, मग दूर जाणारा.

दादा ओल्या हातांनी धावत पुढे आला. गाडी नव्हती. स्वयंपाकघरात गॅस बंद केलेला, पदार्थ झाकून ठेवलेले, आणि ओट्यावर वहिनीचा चष्मा. समोरचा शिंपी दुकानातून ओरडून म्हणाला, "वहिनींना फिरवून आणतो म्हणाले भाऊ. काय बसल्या हो ऐटीत, राणीसारख्या."

आबांच्या गाडीत ती कधी बसली नव्हती. दादाने कधी बसवलीच नव्हती.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. टाकीकडे जाणारा रस्ता दोन घरांच्या मधून थोडासा दिसायचा, तिथे नजर लावली. धाकट्याकडे फोन असेल, पण गाडी चालवताना तो उचलायचा नाही, आणि उचलला तर एक हात सुटेल, म्हणून दादाने केलाही नाही. बायकोचा फोन चष्म्याशेजारीच होता. एक सायकलवाला घंटी वाजवत त्याला वळसा घालून गेला. शिंप्याने विचारलं, "काय झालं, मिस्त्री?" दादाने रस्त्यावरची नजर काढली नाही. मनात देवाचं नाव घेत होता, आणि ते नाव घेतानाही आतून एक आवाज म्हणत होता, आता देवाला का त्रास देतोस, मघाशी दोन शब्द तुझ्याकडे होते की.

टाकीच्या बाजूने आवाज आला. गाडी हळूहळू आली, पार दारापर्यंत. वहिनीचे केस पिंजारलेले, पदर गळ्याभोवती गुंडाळलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की दादाने ते लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहिलं असेल.

"अहो, चष्मा विसरले, म्हणून अर्धा डोंगर धूसर दिसला," ती म्हणाली. "पण वारा मात्र स्पष्ट लागला."

धाकटा हसत होता. वहिनी शेजारी म्हणून दामटली नाही, म्हणाला, नुसती रमतगमत नेली, खरी मजा उद्या. दादाच्या ते ध्यानात आलं. आपण तिच्या जिवाला घाबरत होतो, आणि तिच्या तिथे असण्यानेच दोघं परत आले होते.

"उद्या ही गाडी जाणार नाही," तो म्हणाला.

धाकट्याला आधी थट्टा वाटली. दादाने बॉनेट उघडून सगळं सांगितलं. इंजिन कलतं, दांड्यावर बसतं, डाव्या वळणावर चाक अडकतं. आणि रबरांबद्दल तूच बरोबर होतास, हेही सांगितलं. पण शेवटचं धाकट्याला ऐकूच गेलं नाही. त्याच्या कानात पहिलंच वाक्य घुमत होतं.

"तुला ती ताडपत्रीखालीच हवी होती," तो म्हणाला. "तेव्हाही आणि आताही. मधे इंजिन बसवायचं नाटक तेवढं केलंस."

"दांडा बघ. रंग गेलाय."

"कानशीने मीही घालवून दाखवतो."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तोंड सांभाळा." धाकट्याचे डोळे मात्र निवळले नाहीत. बोलून काही उपयोग नाही हे दादाला कळलं. शब्दांवरचा विश्वास त्याने सकाळीच खर्चून टाकला होता. त्याने जॅक आणला. गाडीचं नाक उचलून खाली ठोकळे दिले, म्हणजे पुढची चाकं अधांतरी राहिली. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे ठोकले, हँडब्रेक ओढला.

"बस," तो म्हणाला. "हात तुझे. मी दूर उभा राहतो. आधी नुसतं स्टिअरिंग फिरव."

धाकट्याने एका बोटाने स्टिअरिंग फिरवलं. चाकं हवेत, त्यामुळे लोण्यासारखं फिरलं.

"आता गिअर टाक. ब्रेक धरून क्लच अर्धा सोड, आणि पेट्रोल दे. आणि फिरवत राहा."

ब्रेक, क्लच, पेट्रोल, पाय दोन आणि कामं तीन, पण शर्यतवाल्याला ते जमतं. इंजिन गरजलं. गाडी ठोकळ्यांवर रेलली. उघड्या बॉनेटमधून तिघांनाही दिसलं, झोपलेल्या जनावराने कूस बदलावी तसं इंजिन उठलं आणि दांड्यावर टेकलं. धाकट्याचं बोट थांबलं. मग त्याने मूठ आवळली. मग दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. त्याने पेट्रोल सोडलं आणि ते आपसूक फिरलं.

त्याने इंजिन बंद केलं. हात तसेच चाकावर होते.

"कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

वहिनीने गळ्याभोवतीचा पदर सोडला. तिने तो नीट केला, खूप सावकाश केला. "म्हणजे मी बसले तेव्हाही," ती म्हणाली.

दादाने सांगितलं, मी धावत आलो, तुम्ही निघून गेला होतात. ते खरं होतं, पण अर्ध्या खऱ्याला तिथे कोणी पाट मांडला नाही. ती म्हणाली, "माझं राहू द्या. उद्या भाऊजींना पाठवणार होतात का, ते सांगा."

दादाच्या तोंडातून पट्ट्याची गोष्ट निघाली, आणि निघता निघताच ती किती लंगडी आहे हे त्याला ऐकू आलं. मग तो म्हणाला, "मला वाटलं, खरं सांगितलं की हा परत जाईल. इतक्या वर्षांनी आला होता."

धाकटा गाडीतून उतरला आणि रस्त्यावर गेला. तिथे फोनवर कोणाशी तरी बोलताना दिसला. थोडंच बोलला. उद्याच्या यादीतून नाव काढा, एवढं ऐकू आलं. मग तो आतल्या खोलीत गेला, जिथे त्याची पिशवी होती. दादा जमिनीकडे बघत उभा राहिला. या घरातून पिशवी निघताना त्याने एकदा पाहिली होती. ती कशी दिसते ते त्याला ठाऊक होतं, पट्टा कोणत्या खांद्यावर असतो तेही. त्याने अडवायचं नाही असं ठरवलं. जिवंत माणूस जायला मोकळा असतो, आणि भाऊ जिवंत होता. देवाकडे आज याहून जास्त मागायला तोंड नव्हतं.

धाकटा बाहेर आला. अंगात कामाचे जुने कपडे होते. दादाकडे न पाहता तो गाडीपाशी गेला, आडव्या तुळईवरची कप्पी सरकवून इंजिनावर आणली आणि साखळी खाली सोडली. मग पाना घेऊन पहिल्या बोल्टला हात घातला. बोल्ट घट्ट होता. दादानेच आवळलेला.

"वहिनी," तो मान न वर करता म्हणाला, "दादाला सांगा, इंजिन उचलायला दोन माणसं लागतात."

वहिनी ओट्यावरचा चष्मा घालून दारात उभी होती.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "मीही त्यांच्याशी बोलत नाहीये."

दादा गेला आणि साखळीची दुसरी बाजू धरली.