वरून निळी, आतून तांबडी

मी बोलतेय. हॉर्न नाही हं, तो केव्हाच गेला. मीच बोलतेय, माल्टा बेटावरची ऑस्टिन पिकअप. या गल्लीत, जुदिताच्या लाकडी सज्जाखाली मी इतकी वर्षं उभी आहे की टपालवाला घराचा नंबर न बघता मला बघून पत्रं टाकतो.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. पुढून बघाल तर मी चारचौघींसारखी मोटार आहे, गोल डोळे, गुबगुबीत गाल. मागे गेलात की हसाल. अर्धी मोटार कापून तिथे आंघोळीच्या टबाएवढा हौदा बसवलाय. धड मोटार नाही, धड टेम्पो नाही. म्हणून आमच्यासारख्या फार थोड्या घडल्या. बाजारात तेव्हा आम्हाला कुणी विचारत नव्हतं, आणि आता त्यालाच दुर्मीळ म्हणतात. म्हणू देत. ऐकायला बरं वाटतं.

एका गोऱ्या आरमारी साहेबाबरोबर मी बोटीतून इथे आले. साहेब माझ्या हौद्यात त्याचा कुत्रा बसवायचा. त्याची बदली झाली, कुत्रा बरोबर गेला, मी मागे राहिले. मग मला चेन्सूने घेतलं. चेन्सू दारोदार भाजी विकायचा. तोवर त्याच्याकडे खेचर होतं आणि तेही त्याच्याइतकंच हट्टी होतं.

आता एक सांगायलाच हवं. त्या वेळी माझा रंग तांबडा होता. चांगला पिकल्या टोमॅटोसारखा.

आणि इथेच घोटाळा होता. आमच्या गावात देव एकच आहे, पण बँड दोन आहेत. मेरीमातेच्या सणाचा बँड निळ्यांचा, संत सेबास्टियनच्या सणाचा तांबड्यांचा. माणूस जन्मतो तो एक तर निळा, नाही तर तांबडा. निळ्याच्या घरात तांबडा पडदा लागत नाही. तांबड्याची म्हातारी निळी गोळी असेल तर डॉक्टरला बदलून मागते. सणाला झेंडे कुणाचे उंच, आतषबाजी कुणाची मोठी, यावरून सख्खे शेजारी वर्षभर तोंड फिरवून बसतात.

चेन्सू तर हाडाचा निळा. पण एवढी चांगली गाडी दुसरी मिळेना, आणि मला सोडणं त्याच्या जिवावर आलं. मग त्याने मला गावाबाहेरच्या वाटेने थेट समुद्रावर नेलं, मेव्हण्याच्या होडीच्या शेडमध्ये. होडीला लावायचा निळा रंग आणि होडीचाच ब्रश घेऊन दोघांनी मला एका दिवसात रंगवून काढलं. ब्रशाचे केस अजून माझ्या दारावर चिकटलेले आहेत, हात फिरवून बघा. बोनेट उघडून आतून रंगवायचं राहिलं.

“आत कोण बघायला जातंय?” चेन्सू म्हणाला.

मेव्हणा ते गुपित पोटात घेऊनच वारला. चेन्सूच्या बायकोला, मेनाला, ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिला सगळंच ठाऊक असायचं, फक्त ती बोलायची नाही.

मग आमची फेरी सुरू झाली. सकाळी हौद्यात भोपळे, टोमॅटो, कांदे, उन्हाळ्यात अंजिरं आणि कलिंगडं. मी गल्लीत शिरून दोनदा हॉर्न दिला की वरच्या सज्जांच्या खिडक्या उघडायच्या आणि दोरीला बांधलेल्या टोपल्या खाली यायच्या. बायका वरून ओरडायच्या, “चेन्सू, काल दिलास तो भोपळा होता की उशी?” चेन्सू खालून ओरडायचा, “उशी म्हणून वापरलास ना? मग तक्रार कसली?” टोपली भरायची, दोरीला हिसका द्यायचा, टोपली वर. आमच्याकडे पायऱ्या चढून भाजी आणणं म्हणजे खुळेपणा.

जुदिता ही त्यांची एकुलती एक लेक. ती माझ्या पुढच्या सीटवर वाढली. हॉर्न द्यायचं काम तिचं. टोपलीच्या कडीला दोरीची गाठ कशी मारायची, ओझ्याने सुटत नाही आणि बोटाने सहज सुटते अशी, ते तिला बापानेच शिकवलं. बापलेक दिवसभर एकमेकांना टोमणे मारायचे आणि हसायचे. मला त्या दोघांचं फार कौतुक होतं. अजून आहे.

आणि मग या पोरीने लग्न ठरवलं कुणाशी? वेन्झूशी! वेन्झू म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून रंग मारणारा, कामाला चोख, स्वभावाने लोण्यासारखा. पण तांबड्यांच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवणारा. झालं. चेन्सूने आकाशपाताळ एक केलं.

“ढोलक्याच्या घरात गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस!”

“बरं,” जुदिता म्हणाली. “तूच बोललास की बोलेन.”

ती गेली, तांबड्यांच्या गल्लीत, याच सज्जामागे. आणि बाप बोलला नाही. मेना उघड उघड लेकीकडे जायची, जेवायची, राहायचीसुद्धा. चेन्सू मात्र उंबऱ्याला शिवला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते या माणसावरूनच म्हणत असावेत.

पण फेरी कशी चुकणार? तांबड्यांच्या गल्लीतही गिऱ्हाइकं होतीच. पहिल्याच सकाळी मी या सज्जाखाली आले आणि वरून टोपली उतरली. चेन्सूने वर पाहिलं नाही. पण बाकीच्यांना हाताला येतील ते टोमॅटो द्यायचे आणि या टोपलीत एकेक दाबून, वास घेऊन ठेवायचा. हंगामातलं पहिलं अंजीर या टोपलीत. मग दोरीला हिसका. कधी कधी टोपली रिकामी उतरायची नाही, तिच्यात फडक्यात बांधलेला पाव असायचा, टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह घातलेला. चेन्सू तो गल्लीच्या वळणावर, कुणी बघत नाही अशा जागी, माझ्या सीटवर बसून खायचा. माझ्या सीटवर अजून तेलाचे डाग आहेत.

वेन्झू कधी दारात उभा असला तर चेन्सू त्याच्याशी नाही, माझ्याशी बोलायचा. माझ्या दारावर थाप मारून म्हणायचा, “काय गं ऑस्टिन, काही लोकांना काम नसतं, सकाळपासून दारात उभे!” लेकी बोले सुने लागे, तसा प्रकार. वेन्झूही बिलंदर. तोही मलाच उत्तर द्यायचा. “ऑस्टिनबाई, तुमचा मडगार्ड गंजतोय. मालकाला म्हणावं, जावई फुकट करून देईल.”

अशी बरीच वर्षं गेली. मग एका ऑगस्टात टोपली उतरेना. मी दोनदा हॉर्न दिला. चारदा दिला. सज्जाची खिडकी बंद. दुसऱ्या दिवशीही तेच.

घरी मेनाने ताटलीत सूप वाढता वाढता सांगून टाकलं. “ती आजारीबिजारी नाही. ती म्हणाली, आता दोरी सोडणार नाही. भाजी द्यायची तर तोंडाने हाक मारून दे. तिला कंटाळा आलाय टोपलीशी नातं ठेवायचा.”

चेन्सूने सूप अर्धं टाकलं. मी दारातच उभी होते, मला दिसलं.

तिसऱ्या दिवशी नेमका तांबड्यांचा सण होता. त्या दिवशी त्या गल्लीत निळं मांजरसुद्धा फिरकत नाही. चेन्सू मात्र हौद्यात एकच कलिंगड घेऊन निघाला. मेना म्हणाली, “आज?” तर म्हणतो कसा, “कलिंगड नासेल.”

सज्जाखाली आलो. वर तांबडे झेंडे, तांबडी तोरणं, आणि खाली मी निळी. हॉर्न दिला. खिडकी बंदच. बरं, इंजिन बंद करावं की नाही? नाही! इंजिन बंद केलं म्हणजे तो लेकीसाठी थांबला असं झालं असतं. चालू ठेवलं म्हणजे आपण जाता जाता जरा टेकलोय. त्या रणरणत्या उन्हात तो मला तसाच गुरगुरत ठेवून बसला. अहो, माझं वय काय, ऊन काय! शेवटी माझ्या नाकातोंडातून वाफ निघाली, एक आचका बसला आणि मी थंड पडले. म्हणजे थंड कसली, तापून बंद पडले.

आणि त्याच वेळी वळणावरून तांबड्यांचा बँड आला. झेंडे, पोरंटोरं, कागदाचे तुकडे उधळणारे, सगळी गल्ली भरून. पुढे निनू, त्यांच्या क्लबाचा म्होरक्या. मी मधोमध आडवी. दोन्ही बाजूंना हातभरही जागा नाही.

“चेन्सू!” निनू ओरडला. “आमच्या सणात आडवी घातलीस? मुद्दाम?”

“मुद्दाम करायला मला काय तुझ्यासारखं रिकामपण आहे?”

“ढकला रे ती बाजूला!”

“माझ्या गाडीला तांबडा हात लागला तर बघा!”

बँड थांबला. तेवढ्यात वेन्झूने गळ्यातला ढोल काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि पुढे आला.

“ऑस्टिनबाई,” तो मलाच म्हणाला, “तहान लागली वाटतं. बोनेट उघडू का?”

चेन्सूने माझ्या टपावर हात ठेवला. “सांग गं त्याला. तुला परक्या हाताची सवय नाही म्हणावं.”

“परका नाही, जावई,” वेन्झू म्हणाला आणि वर बघून ओरडला, “जुदिता! पाणी सोड. विहिरीचं, नळाचं खारट नको.”

खिडकी उघडली. जुदिता हाताची घडी घालून उभी. पदर नाही आमच्याकडे, नाही तर खोचलाच असता तिने.

“गाडी ज्याची, पाणी त्याने मागावं,” ती म्हणाली.

सगळ्या सज्जांतून बायका वाकून बघत होत्या, निम्म्यांच्या हातात सणाच्या स्वयंपाकाचे चमचे. चेन्सूने माझ्या चाकाकडे पाहिलं. मग कलिंगडाकडे. मग टोपी काढून घाम पुसला, पुन्हा घातली. मला वाटलं, हा माणूस आता मला इथेच टाकून चालत घरी जाणार. तेव्हा मला बोलता येत असतं तर ओरडले असते, अरे बोल की मेल्या!

त्याने मान वर केली. या सज्जाखाली पहिल्यांदाच. त्याला उन्हाने डोळे मिचकावावे लागले.

“जुदिता,” तो म्हणाला. “पाणी दे गं पोरी.”

ती खिडकीतून नाहीशी झाली. मग टोपली उतरली, पाण्याच्या बाटल्या भरलेली, गरगर फिरत, कारण वरून दोरी भराभर सोडली जात होती. गाठ मात्र बापाने शिकवलेलीच होती. चेन्सूने ती सोडली आणि तिथेच, सगळ्या तांबड्यांसमोर, रडला. लपवलं नाही. मी पण वाफ सोडत होते, त्यामुळे कोण किती रडलं ते कळलं नाही.

तापल्या इंजिनात गार पाणी ओतत नाहीत. वेन्झूने जरा वाट बघितली. बँड उभ्याउभ्याच पुन्हा वाजवायला लागला, दुसरं काय करणार? मग त्याने फडक्याने बोनेट धरून पूर्ण वर केलं, आणि हात तसाच ठेवून बघत राहिला. रंगाऱ्याची नजर ती.

“निनू, इकडे ये,” तो म्हणाला.

निनू आला, वाकला. “अरे देवा! ही तर तांबडी! आपलीच निघाली!”

झालं! गल्लीभर हशा. पोरं नाचायला लागली. चेन्सू कानापर्यंत लाल झाला, म्हणजे तोही तांबडाच झाला. पण हरला नाही तो.

“जन्माने असेल,” तो म्हणाला. “बाप्तिस्मा निळ्यांत झालाय तिचा. कागद दाखवू?”

निनूला इतकं हसू आलं की त्याला माझ्याच मडगार्डवर टेकावं लागलं.

मग त्यांनी मला ढकललं. तांबड्यांनी. दहाबारा जण, मागे बँड वाजतोय, वरून तांबड्या कागदांचा पाऊस, आणि स्टिअरिंगवर चेन्सू, टोपी सरळ करून, जणू हा सगळा मान त्याचाच. मला गल्लीच्या टोकाला लावून तो कलिंगड काखेत घेऊन परत आला आणि सज्जाखाली उभा राहिला.

“आता काय टोपलीत बसून वर येणार आहेस?” जुदिता वरून म्हणाली. “दार उघडं आहे.”

तो पायऱ्या चढून गेला. त्या दिवशी सणाचं जेवण तो तांबड्यांच्या घरी जेवला आणि सशाच्या रश्शात मीठ कमी आहे म्हणाला.

पुढे मेना गेली. चेन्सूचे गुडघे गेले. तो लेकीकडेच राहायला आला, या सज्जामागे. फेरी वेन्झूने धरली, पत्र्याच्या कामातून सकाळचा वेळ काढून. मी सज्जाखाली यायचे तेव्हा टोपली आता म्हातारा सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकायचा नुसता. “वेन्झू, ते टोमॅटो दाब आधी! वास घे! माणूस आहेस की ढोल?” वेन्झू खालून म्हणायचा, “ऑस्टिनबाई, वर कोणी तरी ओरडतंय, मला ऐकू येत नाही.” आणि सगळ्यांत चांगला टोमॅटो टोपलीत ठेवायचा.

चेन्सू जाऊनही पुष्कळ काळ झाला. आता मी फेरीला जात नाही. टायर बसलेत, हौद्यात जुदिताने तुळशीसारख्या वासाच्या झाडाच्या कुंड्या ठेवल्यात. मध्यंतरी इंग्लंडहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. चांगला माणूस होता. माझ्याभोवती फिरला, गुडघ्यावर बसला, म्हणाला, अशा जगात फार थोड्या उरल्यात. बोनेट उघडल्यावर तर त्याचा चेहरा उजळला. हा निळा थर खरवडून काढू म्हणाला, मूळ तांबडा रंग परत आणू, अगदी कारखान्यातून आली तशी.

जुदिताने त्याला कॉफी दिली आणि सांगितलं, “तांबडी होती तेव्हा तिला आम्ही कुणी ओळखतही नव्हतो.”

तो समजला की नाही, ठाऊक नाही. पण असा कुणी तरी पुन्हा येईल, आणि तेव्हा जुदिता नसेल कदाचित. म्हणून हे बोलले. माझे पत्रे बदला, सीट बदला, हॉर्न बसवलात तर उपकार होतील. पण हा निळा रंग राहू द्या. ब्रशाचे केस आहेत त्याच्यात, असू द्यात. आणि रोज सकाळी जुदिता अजून सवयीने टोपली सोडते, तेव्हा माझ्या डाव्या मडगार्डजवळ जरा जागा सोडून उभे राहा. टोपली तिथेच उतरते.