मधल्या खणातलं पेव

अणदूरच्या गोरोबा गवंड्याच्या कानाविषयी लोक जे सांगत, त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं एका माणसाच्या आयुष्याला पुरून उरेल. मुरुम गावात त्यानं एका तुळईला कान लावला आणि म्हणाला, हे झाड ओढ्याकाठचं, याच्यावर बगळे बसायचे. नळदुर्गाकडं एका भिंतीवर टिचकी मारून म्हणाला, आत उंदरीण हाय, तिला तीन पिल्लं हायत. भिंत फोडली तर चार निघाली. लोक हसले. गोरोबा म्हणाला, "टिचकी मारली तवा तीनच व्हती. तुमी कुदळ हुडकत बसला."

त्या मुलखात कुणी घर विकत घ्यायचं ठरवलं, की आधी गोरोबाला आणायचं. तो दिवसभर घरात अनवाणी फिरे, भिंती थोपटे, खांबांच्या बुडाशी नखानं कोरे, माळवदावर चढून पांढऱ्या मातीचा थर बोटानं मोजी. संध्याकाळी त्याची मान उभी हलली तर सौदा, आडवी हलली तर राम राम. त्यानं होय म्हटलेलं एकही घर चाळीस वर्षांत बसलं नव्हतं.

असा माणूस आपलं घर पारखायला येतोय, हे कळल्यापासून बेंबळीच्या धोंडीबाला अन्न गोड लागेना.

घर चांगलं होतं. पाच खणांचं, माळवदाचं, सागवानी तुळयांचं. भानगड होती ती मधल्या खणात, जमिनीखाली. तिथं धान्याचं पेव होतं, दोन पुरुष खोल. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत निजाम सरकारनं लेव्ही बसवली, घरोघर ज्वारी मापून न्यायला माणसं यायला लागली, तेव्हा धोंडीबानं रातोरात आठ पोती त्या पेवात ओतली, तोंडावर फरशी बसवली आणि वरून जमीन सारवली. पुढच्या पावसाळ्यात पेवात पाणी झिरपलं. ज्वारी नासली. ती बाहेर काढावी तर गल्लीभर वास सुटेल, वासामागनं चावडीची माणसं येतील, आणि लेव्ही चुकवली म्हणून हातात बेड्या. मग एका दुपारी त्यानं फरशी सरकवली, नासक्या धान्यावर हातभर माती लोटली आणि पुन्हा झाकून टाकलं. चार वर्षं तो त्या फरशीवर घोंगडी टाकून बसत होता.

आता लढाई संपली होती. सोलापुरात मेव्हण्यानं गिरणीत त्याची जागा धरून ठेवली होती. सोलापूर इंग्रजांचा मुलूख. निजामाच्या पोलिसाचा हात तिथं पोचत नव्हता. घर विकायचं, गाडी जुंपायची आणि हद्द ओलांडायची. मागं कुणाला काय सापडायचं ते सापडू दे. पण घेणारा उभा राहिला तो मुरुमचा वीरप्पा, भुसार मालाचा व्यापारी आणि वर तालुक्याच्या लेव्ही कमिटीत बसणारा!

"गिऱ्हाईक निवडलं ते बी वाघाच्या गुहेतनं," धोंडीबाची बायको कस्तुराबाई म्हणाली.

"दुसरं कोण येतंय या गावात?"

वैशाखातल्या एका सकाळी वीरप्पाच्या गाडीतून गोरोबा उतरला. सत्तरीचा, वाळल्या शेंगेसारखा माणूस. हातात ओळंबा, खांद्यावर पहार. उंबऱ्यातच त्यानं टाच आपटली.

"दार कुणी बसवलं?"

"माझ्या बापानं."

"बाप डावखुरा व्हता व्हय?"

धोंडीबाचा बाप खरंच डावखुरा होता. वीरप्पा खूष होऊन मांडी थोपटायला लागला.

दोन प्रहरापर्यंत गोरोबानं चार खण उरकले. एका तुळईत भुंगा लागलाय म्हणाला, पण भुंगा म्हातारा आहे, तुमच्या आधी मरेल. मागची भिंत फुगलीय, पण जेवलेल्या माणसासारखी, गर्भार बाईसारखी नाही. वीरप्पा प्रत्येक शब्दाला कानडीत "हौदु, हौदु" करत मान डोलावत होता. मग गोरोबा मधल्या खणात आला, घोंगडी पायानं बाजूला सारली आणि टाच आपटली. पुन्हा आपटली. मग जमिनीवर पालथा पडून त्यानं कान लावला.

"हितं पेव हाय."

"व्हतं," धोंडीबा म्हणाला. "बुजवलंय."

"कशानं?"

एवढाच प्रश्न. धोंडीबाच्या समोर गोरोबा पालथा पडलेला, आणि गोरोबाच्या मागं वीरप्पा, कमिटीतला वीरप्पा, पान लावत बसलेला.

"मातीनं," धोंडीबा म्हणाला.

"उघडू."

"आता बुजवल्यालं काय उघडायचं, मिस्त्री?"

"माझी सरकीची पोती याच खणात लागणार," वीरप्पा म्हणाला. "एकावर एक धा. जमीन खचली तर मी कुणाकडं बघू? उघडा."

सारवण खरवडून फरशी सरकवली. आंबूस, जड वास वर आला. वीरप्पानं उपरण्यानं नाक धरलं.

"जुन्या पेवाला जन्मभर वास येतो," धोंडीबा घाईनं म्हणाला.

"येतो," गोरोबा म्हणाला. त्यानं दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा गळ्याशीच विझला. गोरोबानं दोरी ओढून घेतली. "हवा मेल्याली हाय. आत्ता उतरंल त्यो बी मरंल. तोंड उघडं ठेवा, लिंबाच्या डहाळ्यांनी वारा घाला. जेवून बघू."

ही पद्धत त्या भागातल्या प्रत्येक पेववाल्याला ठाऊक होती, आणि मोकळ्या पेवाला ती पुरेशी असते. मातीनं भरलेल्या पेवालाही पुरेशी असते. पण कुजलेलं धान्य आपली हवा पोटात धरून बसतं. वर वारा घातला म्हणून पोटातली जात नाही. हे गोरोबाला माहीत होतं. पण खाली धान्य आहे हेच माहीत नव्हतं. ते माहीत होतं धोंडीबाला.

जेवायला बसले. गोरोबानं भाकरीचा पापुद्रा सोलून बघितला. "वैनी, अशी भाकर आमच्या हरणीला चाळीस वर्षांत जमली न्हाय. तिला सांगू नगा, न्हायतर अणदुरात माझं तोंड बंद आन् चूल बी बंद."

कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. धोंडीबा पाण्याच्या निमित्तानं मागोमाग गेला.

"सांगा त्येस्नी," ती कुजबुजली.

"वीरप्पा बसलाय म्होरं."

"वीरप्पा बसलाय, पर उतरणार त्यो म्हातारा हाय."

"अगं, दिवा जळला तरच उतरंल त्यो. न्हायतर न्हाय उतरायचा. खुळा हाय व्हय त्यो?"

दिवा जळला. दुपारी गोरोबानं तो थेट तळाच्या मातीपर्यंत सोडला आणि शंभरपर्यंत मोजलं. ज्योत हलली नाही. मग तुळईला दोर बांधून त्याचं टोक खाली सोडलं.

"मिस्त्री, राहू द्या," धोंडीबाच्या तोंडातून निघालं. "वय झालंय तुमचं. वरनंच बांबू खुपसून बघा की."

गोरोबा थांबला. वीरप्पाकडं बघून त्यानं डोळा मिचकावला. "ऐकलं का, आप्पा? विकणारा ज्या जागी 'राहू द्या' म्हणतो ना, तिथंच माझं खरं काम असतंय."

"कमरंला तरी दोर बांधा."

"कमरंला दोर बैलाच्या बांधत्यात."

धोंडीबाच्या जिभेवर ते तीन शब्द येऊन बसले होते: खाली ज्वारी हाय. ते बाहेर यायला घास गिळण्याएवढा वेळ पुरला असता. त्याला वीरप्पाचं उपरणं दिसत होतं, चावडी दिसत होती, सोलापूरच्या गिरणीचं धुराडं दिसत होतं. गोरोबा दोर धरून खाली गेला.

"माती तर हाय," खालून आवाज आला. "पर दबली न्हाय नीट. धोंडीबा, कुणी भरली ही? पाय लवतोय." मग पहारीचा एक ठोका. दुसरा. तिसऱ्याला ठोक्याचा आवाज आलाच नाही. ओलं पोतं फाटावं तसं काहीतरी झालं. दोर एकदा हिसकला आणि सैल पडला.

"अण्णा?" वीरप्पा वाकला. "अण्णा!"

खाली दिवा विझलेला. उजेडाच्या गोल तुकड्यात छातीपर्यंत रुतलेला गोरोबा दिसत होता, मान एका बाजूला, जणू मातीला कान लावून काही ऐकतोय. वीरप्पानं धोतर खोचलं आणि दोर पकडला.

धोंडीबानं त्याला मागून कवटाळून धरलं. "उतरू नगा! माती न्हाय ती! ज्वारी हाय, कुजल्याली ज्वारी! मराल!"

आता निघाले शब्द.

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. गोरोबाच्या मुंडाशाला लागला, ते सुटून आलं. मग बंडीला लागला. दोघांनी गोरोबाला ओढून वर काढलं, बाहेर अंगणात नेलं, कस्तुराबाईनं तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. चोळत राहिली. वीरप्पानं शेवटी तिचा हात धरून बाजूला केला.

मग वीरप्पानं विचारलं, "किती पोती?"

"आठ."

"आठ!" वीरप्पा अंगणात मटकन बसला. "आठ पोत्यांसाठी गप बसलास? अरे माझ्या पेवात वीस हायत! कमिटीत बसतो म्हणून माझं घर कुणी बघत न्हाय, एवढंच. नुसतं कानात सांगितलं असतंस, तर हसलो असतो मी. हसलो असतो रे!"



वीरप्पा भानावर आला तसा त्याचा आवाज खाली आला. "हे बघ. एक पेव उकरलं की सगळी उकरतील. खाली माती व्हती. म्हाताऱ्याला चक्कर आली, पाय घसरला. मी बी हेच सांगतो, तू बी हेच सांग."

दुसऱ्या दिवशी पोलिसांचा अमीन आला. पेवाच्या तोंडाशी गेला, रुमाल नाकाला लावून माघारी आला आणि त्यानं उर्दूत पंचनामा लिहिला. धोंडीबानं अंगठा उठवला. वीरप्पानं सही केली. घराचा सौदा ठरल्या भावातच झाला, आणि वीरप्पानं चार गाड्या मुरूम टाकून पेव गळ्यापर्यंत भरून घेतलं. धोंडीबाला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं.

पंधरा-सोळा दिवसांनी त्यानं गाडी भरली. भांडी, उतरंड, कणगी, वर कस्तुराबाई. ती त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होती. बैल जुंपले, एवढ्यात अणदूरच्या वाटेनं एक म्हातारी चालत आली. पायांवर धूळ, हातात काठी.

"गोरोबाची हरणाबाई म्या," ती म्हणाली. "त्येंचा ओळंबा आन् पहार ऱ्हायलीय."

ओळंबा कस्तुराबाईनं जपून ठेवला होता. तो तिनं गाडीतून काढून दिला. पहार वर आलीच नव्हती. हरणाबाईनं ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळली आणि ती तिथंच उभी राहिली.

"एक इचारायचं व्हतं, दादा. रडायला आले न्हाय म्या, रडून झालंय. लोकं म्हणत्यात, शेवटच्या घरात गोरोबा चुकला. टणक माती आन् पोकळ माती वळखू आली न्हाय. कान गेला व्हता, आन् त्यो लपवत व्हता."

"लोकं काय, बोलत्यात," धोंडीबा म्हणाला.

"बोलू देत. पर चार घरची माणसं अंगणात निजत्यात बगा. त्येंच्या शब्दावर घरं घेतल्याली माणसं. पाऊस तोंडावर आलाय. आन् काल एक बाई लेकरू घेऊन दारात आली. म्हणली, गोरोबानं आमच्या घराला व्हय म्हणलं तवा त्येंचा कान शाबूत व्हता का? काय सांगू म्या तिला?" तिनं धोंडीबाकडं बघितलं. तिचा आवाज चढला नाही. "तुमी व्हता तिथं. एवढंच सांगा. चुकला व्हता का?"

बैलानं मान झटकली, घुंगरं वाजली. सोलापूरची वाट समोर मोकळी पडली होती.

"कान शाबूत व्हता," धोंडीबा म्हणाला. "पेव हाय म्हणून त्यांनीच वळखलं. आत काय हाय ते मला इचारलं. म्या खोटं सांगितलं."

"काय व्हतं?"

"ज्वारी. लेव्हीची लपवल्याली."

हरणाबाईनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "हे चावडीवर सांगा."

"तुला सांगितलं की, माय. आता..."

"माझं कोण ऐकतंय? म्या त्येंची बायकू. अंगठा तुमचा हाय."

धोंडीबानं कासरा मुठीत आवळला. चावडीवर गेलं की गिरणी गेली, मेव्हण्यानं धरलेली जागा गेली. आठ पोत्यांची सजा, खोट्या अंगठ्याची वेगळी, आणि वीरप्पा वैरी होणार तो वेगळाच. न गेलं तर उद्या रात्रीपर्यंत हद्दीपलीकडं.

गाडीत भांडी वाजली. कस्तुराबाई उतरत होती. तिनं आधी पाय चाकावर ठेवला, मग जमिनीवर, पदर नीट केला आणि हरणाबाईचा दंड धरला.

"चला मावशी. म्या बी तिथंच व्हते. म्या भाकर वाढली त्येस्नी."

"कस्तुरे!" धोंडीबा ओरडला. "बाईमाणसाचं काय काम चावडीवर? गाडी निघालीय आपली!"

दोघी गल्लीच्या वळणाकडं चालत राहिल्या. म्हातारी थकलेली होती, म्हणून सावकाश चालत होत्या; धोंडीबा पळाला असता तर वीस पावलांत गाठल्या असत्या. तो पळाला नाही. मारुतीच्या देवळापाशी त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "काय धोंडीबा, जायाचं ना सोलापूरला?"

धोंडीबानं जुवातली शिवळ उपसली. आधी उजवा बैल सोडला, मग डावा, दोघांना खुंट्याला बांधलं आणि त्यांच्यापुढं कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या. मग पायातल्या वहाणा गाडीखाली काढून ठेवून तो अनवाणी चावडीकडं निघाला.