पंधरावे ध्येय कुठे आहे?

मी एक जुनी मधपेटी आहे. जुनी म्हटले म्हणून कीव करू नका, मित्रांनो. माझ्यात आजही भरले घर नांदते आहे.

डोंगरातल्या फर्डो सुताराने मला घडवले आणि माझ्या दर्शनी फळीवर चष्मा लावून शाळा घेणारे अस्वल रंगवले. माश्यांना घर ओळखू यावे आणि शेजाऱ्यांनी हसावे, एवढाच त्याचा हेतू. आम्हा स्लोव्हेनियातल्या लोकांत मधमाशीला मोठा मान. इतर जनावरे मरतात. मधमाशी मात्र माणसासारखी ‘वारली’ म्हणतात. तरी फर्डो गेल्यावर मी सरपणाच्या खोपीत धूळ खात पडले. फार वाईट वाटायचे. मग शाळेतल्या शिक्षिका येर्नेयाबाईंनी मला शाळेमागच्या कुरणाकडेला आणले आणि माझे दिवस पालटले.

यंदा बाईंच्या वर्गाने सगळ्या देशांनी मिळून ठरवलेली जगाची सतरा ध्येये शिकायला घेतली. मुलांनी एकेक ध्येय रंगवून व्हरांड्यात लावले. ब्रिनाच्या वाट्याला पंधरावे आले: जमिनीवरचे जीवन जपा. तिने हे कुरण काढले, मलाही काढले. मी जरा जाडच दिसत होते, पण असो.

ही ध्येये बघायला शहरातून पाहुणे येणार असे ठरले आणि मुख्याध्यापकांना गुडघाभर गवत डोळ्यांत खुपू लागले. आमच्या लोकांना टापटिपीचे भारी वेड. शिपाई गाश्पेर गवत कापायचे यंत्र घेऊन आला. भरपूर मध देणारी लिंडनची झाडे फुलायला अजून अवकाश होता. तोवर माझ्या माश्यांचे पोट त्या कुरणातल्या रानफुलांवरच. मी घाबरले.

ब्रिना यंत्रासमोर उभी राहिली.

“बाजूला हो गं बाई. पाहुण्यांपुढे शाळेची शोभा करायचीय का?” गाश्पेर म्हणाला.

“कापा की काका, खुशाल कापा. पण माश्या उपाशी वारल्या, तर पाहुण्यांना तुम्हीच सांगा.”

गाश्पेरने यंत्र बंद केले. मुख्याध्यापक तणतणत आले. भिंतीवर एक आणि कुरणात भलतेच, हे बरे दिसेल का, असे ब्रिनाने त्यांना हळूच विचारले.

“मग काढ तुझं चित्र भिंतीवरून!” ते वैतागले.

तिने खरेच काढले आणि काठीला लावून कुरणात माझ्या शेजारी रोवले. गवत तसेच उभे राहिले.

पाहुणे आले. व्हरांड्यात चौदाव्यानंतर एकदम सोळावे, मधली जागा रिकामी. पंधरावे कुठे आहे, असे पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारले. मुख्याध्यापक खाकरले.

“ते... बाहेर आहे. चला, दाखवतो.”

सगळे कुरणात आले आणि चित्रावरून खऱ्या फुलांकडे बघू लागले. माझ्या माश्या कामात गर्क होत्या. त्यांनी पाहुण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही.

“गवत मीच राखलंय,” गाश्पेरने छाती फुगवून सांगितले. ब्रिनाने ओठ दाबून हसू आवरले.

पुढे पावसात तिचे चित्र धुऊन गेले. ते पुन्हा काढावे, असे कोणालाच वाटले नाही. कुरण समोर होतेच.

मित्रांनो, चित्रे जरूर लावा, रंगही सढळ हाताने वापरा. पण माझ्या माश्या चित्रातल्या फुलावर बसत नाहीत. त्यांच्यासाठी एक खरे कुरण राखून ठेवा.