दिव्याकडची पाकळी

देवीकडे पाठ करून मी आयुष्यात दोनदाच उभी राहिले. पहिल्यांदा, तेही गौरवीच्या हट्टापायी.

गौरवी माझी एकुलती एक मुलगी. ती आणि जावई निलेश डब्लिनला असतात. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर यंदा तिला दिवस गेले. सातवा लागला तसं तिथल्या डॉक्टरणीने तिला पडून राहायला सांगितलं. निलेश सकाळी कामावर जातो, तो अंधार पडल्यावर येतो. मधल्या वेळात घरात ती आणि तिचं पोट. "आई, सहा म्हयने ये," एवढंच तिचं मागणं होतं.

पोटातल्या बाळाचे ठोके तिने मला फोनवर पाठवले होते. टापा टाकत घोडा यावा तसा आवाज. मी तो रोज जपानंतर एकदा ऐकते. लोक म्हणतात, या फोनाने माणसं बिघडली. बिघडली असतील. पण जन्माला न आलेल्या नातवंडाचं काळीज मला पेडण्यात बसून ऐकायला मिळतं, तेव्हा त्या यंत्राला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अडचण दिव्याची होती.

गौरवी चार वर्षांची असताना तिला ताप आला, तो सतरा दिवस उतरला नाही. अठराव्या दिवशी मी गावच्या सातेरीपुढे बोलून गेले, "हिला हसतीखेळती घरी आण. माझे हात चालतात तोवर तुझ्या नंदादीपात रोज सांजवेळी मीच तेल घालीन." ताप उतरला. त्याला चौतीस वर्षं झाली. अडचणीच्या दिवसांत आणि सुतकात सासूबाई तेल घालायच्या, त्या गेल्यावर शेजारची शांता. पण तेवढी सवलत मी देवीकडून आधी मागून घेतली होती. सहा महिन्यांची कुठे मागितली होती? लग्नाकार्याला वाळपईला गेले तरी दिवेलागणीच्या आत परत. माझे यजमान हसायचे, "ही आमची पाच वाजताची बस."

जिच्यासाठी दिवा लावला तिच्याकडेच जायला तो दिवा सोडत नव्हता.

एका रविवारी सकाळी शांता आणि वाड्यावरचा बाबली सोप्यावर चहाला बसले होते. बाबली मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असतं.

"काकी, इतकी कसली काळजी करतंस?" पाव चहात बुडवत तो म्हणाला. "आता सगळा फोनाक विचारतत. थांब." आणि त्याने फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "नवस सहा महिने दुसऱ्याच्या हातून चालवला तर चालतो ना?"

फोनातली बाई गोड आवाजात म्हणाली की हो, नक्कीच चालतो, शेवटी मनातला भाव महत्त्वाचा. मग तिने पाच मुद्दे सांगितले.

"बघ!" बाबलीने मांडीवर थाप मारली.

शांताने त्याच्या हातातून फोन ओढला. "गो बाये, नवस दुसऱ्याच्या हातात देणं चुकीचं असतं ना?"

बाई म्हणाली, अगदी बरोबर, तुमचा विचार फार योग्य आहे. पुन्हा पाच मुद्दे.

शांता हसून हसून पदर तोंडाला लावायला लागली. "बाबल्या, तुझ्या सोयरिकीच्या वेळी असोच मध्यस्थ होतो मरे! दोनी बाजूंनी हय हय!"

"ता तसा नसता," बाबली म्हणाला. "विचारूचीय पद्धत असता."

मला त्या बाईचा राग आला नव्हता, ती बिचारी सगळ्यांना खूश ठेवू बघत होती. पण जिला नाही म्हणता येत नाही, तिचं हो घेऊन मी काय करू? सातेरी कधी कधी नाही म्हणते. म्हणून तर तिच्या हो म्हणण्यावर माणूस घर बांधतो.

मी देवीचा प्रसाद, म्हणजे कौल, घ्यायचं ठरवलं.

आमच्या देवळात गोकुळदास गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पिटकोळीच्या लाल फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं घालतो. देवीच्या उजव्या खांद्याची पाकळी आधी पडली तर हो, डाव्या खांद्याची पडली तर नाही. समोर उभं राहिलं की देवीचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो. हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. गोकुळदासच्या घराण्याची रीत अशी की कुठली पडली ते तो तोंडाने सांगत नाही. "गाराणा घालूचा काम माझा, बघूचा काम तुमचा," म्हणतो. आणि एकदा विचारलेलं पुन्हा विचारायचं नाही.

गौरवीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण बघतलंय. व्हिडिओ कॉल लाव."

मंगळवारी दुपारी महापूजेआधी मी देवळात गेले. डब्लिनला सकाळचे सात वाजले असतील, गौरवी उशीला टेकून बसली होती. मी फोन देवीसमोर धरला.

"आई, असा नको. माका तूय दिसूक होयी, देवीय दिसूक होयी. दोगांय एकदम. फोन उलटो धर, आपलो फोटो काढतत तसो."

"देवीक पाठ करू?"

"मिनिटभर गो. देवी रागवाची नाय. आईच ना ती?"

मी मनातल्या मनात क्षमा मागितली आणि वळले. फोनाच्या काचेत आधी माझं घाबरलेलं तोंड, आणि माझ्या खांद्यामागे देवीचा रुपेरी मुखवटा. कोपऱ्यात चिमुकल्या चौकोनात गौरवी. गोकुळदासने गाऱ्हाणं सुरू केलं. "आई सातेरी, ही तुझी लेक विनोदिनी, तिच्या लेकीचे दिवस भरत इलेत. हिणे जावं तर उजवो दी..." मी फक्त त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघत होते.

एक ठिपका गळला. काचेत माझ्या उजव्या हाताला.

उजव्या हाताला, म्हणजे देवीच्या डाव्या खांद्याचा. नाही.

तेवढ्यात नगारा सुरू झाला. गौरवीचं तोंड हललं, पण काही ऐकू आलं नाही आणि कॉल तुटला. गोकुळदासने ती पाकळी माझ्या ओंजळीत ठेवली. मी ती पदराच्या गाठीत बांधली आणि घरी आले. फोनवर गौरवीचा निरोप येऊन पडला होता: *हो म्हणाली!! तिकीट बघते.*

मी तो निरोप किती वेळा वाचला असेन. बिचारीने हवं ते पाहिलं, असं वाटलं. आता देवीचं ऐकायचं तर पोरीचा आनंद मोडायचा, आणि पोरीचं ऐकायचं तर देवीशी खोटं वागायचं. तीन दिवस घास उतरला नाही. शांताने विचारलं, तर उपास आहे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा उपासाचं निमित्त केलं.

शुक्रवारी मीच फोन लावला. "बाय, तिकीट काढू नको. देवीन नाय म्हटला."

ती म्हणाली, "बरा आई." इतक्या हळू आवाजात की मला तिचा पाळण्यातला श्वास आठवला.

त्यानंतर दोन दिवस तिचा फोन आला नाही. एरवी मी दिव्यात तेल घालून देवळाची पायरी उतरते न उतरते तोच फोन वाजतो. तिसऱ्या दिवशी दुपारीच वाजला.

"आई, येवचा नसला तर तसा सांग. पण देवीच्या नावार घालू नको."

"गौरवी!"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुमचा उजवा-डावा माका ल्हानपणापासून कळणा नाय, मी दिवो बघतंय. तूच शिकयलंस माका. तू तेल ओतायचंस, मी तेलाचा तांब्या धरून उभी. तू म्हणायचंस, दिव्याकडची पाकळी पडली म्हणजे हय. तर पडली ती दिव्याकडचीच." तिचा आवाज फुटला. "एकटी असंय मी हयसर. भियेतंय. पण तुका येवचा नसला तर..."

तिने फोन ठेवला.

दिव्याकडची? नंदादीप तर देवीच्या उजव्या अंगाला आहे. समोरून माझ्या डाव्या हाताला. चौतीस वर्षं तो तिथेच आहे, आणि त्या दिवशी मी दोन पाकळ्या पाहिल्या, माझा दिवा पाहिला नाही.

मी शांताला हाक मारली. दोघी तशाच देवळात गेलो. मी देवीपुढे हात जोडले, "आई, परत काय विचारूक येवक नाय. फक्त बघूक इलंय," आणि पुन्हा पाठ करून फोनातला कॅमेरा तसाच उलटा उघडला.

काचेत मुखवटा होता. आणि दिवा माझ्या उजव्या हाताला जळत होता.

"शांता, दिवो कोणी हलवलो?"

"दिवो खंय हललो? थंयच असा." ती माझ्या मागे येऊन काचेत डोकावली, मग वळून देवीकडे बघितलं, मग पुन्हा काचेत. आपला एक हात वर केला, खाली केला. "वयनी, तुझा डोक्या फिरला काय? असो फोन धरलो की तो आरसो जाता! आरशात सगळा उलटा दिसता. तू आरशात बघून परसाद घेतलंस?"

मी तिथेच जमिनीवर बसले. उजव्या हाताला पडलेली पाकळी दिव्याकडचीच होती. देवीने हो म्हटलं होतं, तेही माझ्या दिव्याच्या उजेडात, आणि मी सहा दिवस ते नाही म्हणून उराशी धरलं होतं.

"आता रडूचा तां लेकीकडे रड," शांताने मला बखोटीला धरून उठवलं. "फोन लाव."

गौरवीने पहिल्या घंटीलाच उचलला. मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली, हसता हसता हुंदके.

"अगो आई, माका सरळ दिसता, तुका तुझ्या फोनात आरसो दिसता. ह्या माका तेवाच कळाक होया होता." मग म्हणाली, "आई, एक खरा सांगू? दुसरी पाकळी पडली असती तरी मी हयच म्हणतलंय होतंय."

"ठाऊक असा," मी म्हटलं. "म्हणूनच मी तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवूक नाय."

त्या सांजेला तेल मी घातलं, पण वात शांताच्या हातून लावून घेतली. तिने ती फार वर ओढली. दिवा धूर सोडू लागला.

"थोडी खाली घे," मी म्हणाले.

"बघ, सुरू झाला! थंयसून फोनार माका सासूसारखी शिकवूक बसशील."

"बसणारच. रोज साडेसहाला दाखव."

"दाखवतलंय. पण फोन सरळ धरून," शांता म्हणाली आणि वात खाली घेतली.

मी रोज नव्या पदराला बांधत आलेली गाठ सोडली. पाकळी सुकून तपकिरी झाली होती. बाबलीला पुढच्या मंगळवारच्या विमानासाठी टॅक्सीचं सांगून ठेवलंय. पाकळी मी बाळासाठी शिवलेल्या टोपड्याच्या घडीत ठेवली.